मागचे पॅड, तिसऱ्यांदा

तीन महिन्यांत तिसऱ्यांदा मागचे ब्रेक पॅड संपवून एक ताई आल्या तेव्हा मी आधी पॅड बनवणाऱ्यालाच शिव्या घातल्या. मनात. मग सायकल स्टँडला लावली आणि गप्पच झालो.

ताई म्हणजे त्यांच्या ग्रुपातल्या चढाच्या वेड्या. बाकीचे हाशहुश करत पोचतात तेव्हा या वर बसून निवांत. तसं कुठल्याही ग्रुपात विचारा, चढ आवडतो की उतार, बहुतेक जण छाती काढून चढच म्हणणार, उतार म्हटलं की आळशी ठरतो ना. मला उतारच आवडतो आणि सांगायला काही लाज नाही. फक्त हिशोब बेकार आहे, 10 किलोमीटर चढ ताशी 10 ने चढलात आणि तोच रस्ता 30 ने उतरलात तर सरासरी 20 नाही येत, 15 येते, कारण तासभर चढण्यात गेला आणि मजा 20 मिनिटांत संपली.

तर मुद्दा असा की मी गिऱ्हाइकाच्या बोलण्यावर जात नाही, सायकल बघतो. ताईंच्या कॅसेटच्या, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या जुडीतल्या, सगळ्यात मोठ्या दोन चकत्या घासून चकचकीत, म्हणजे चढ खरंच भरपूर चढलेत, थापा नाहीत. पण शेवटच्या तीन छोट्या चकत्या कोऱ्या करकरीत, जणू काल बसवल्यात. उतारावर जो पॅडल मारतो त्याची चेन तिथे जातेच. मागचा रोटर, म्हणजे पॅड ज्या धातूच्या तबकडीला धरतात ती, तापून निळसर पडलेला, मागचे पॅड काचेसारखे गुळगुळीत, म्हणून किंचाळत होते. आणि पुढचे पॅड? जवळजवळ नवे! सायकल घेतली तेव्हाचेच.

हे एकदम उलटं आहे. ब्रेक दाबला की वजन पुढे सरकतं, मागचं चाक हलकं होतं, त्यामुळे जोरात थांबवायचं काम मुख्यतः पुढचा ब्रेक करतो आणि नीट चालवणाऱ्याचे पुढचे पॅड आधी संपतात. नुसता मागचा दाबून आख्खा घाट उतरायचा म्हणजे काय होतं बघा: माणूस आणि सायकल मिळून 75 किलो धरा, 400 मीटर उंची उतरा, जवळपास 294 किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी घालवावी लागते, 30 अंशाचं एक लिटर पाणी उकळीला आणायला लागते तेवढी. जो सुसाट उतरतो त्याची बरीचशी हवेच्या रोधात जाते, पण जो घाबरत घाबरत 12-15 ने उतरतो त्याला हवा फारशी मदत करत नाही, जवळजवळ सगळी उष्णता ब्रेकमध्ये. इथे तर एकाच ब्रेकमध्ये. म्हणजे जास्त सावध माणसाचा ब्रेक जास्त तापतो, हे मी वर्षानुवर्षं सांगतोय आणि लोक मान डोलावून तसेच उतरतात.

मी विचारलं, "ताई, उतारावर भीती वाटते का?"

त्या एकदम हसल्या आणि मग दाराकडे बघून हळू आवाजात, "दादा, ग्रुपात कुणाला बोलू नका हं." लहानपणी पुढचा ब्रेक दाबून हँडलवरून पालथ्या पडल्या होत्या, तेव्हापासून पुढच्याला हात नाही. मी म्हटलं जरा हँडलला धरून दाखवा. हँडलवर ब्रेकची लिव्हर जिथे बसवलेली असते त्या वरच्या ब्रॅकेटवर हात, बोटं इतकी ताणलेली की लिव्हरला जेमतेम नखं टेकत होती. हात लहान, लिव्हर लांब. हँडलच्या खालच्या वाकावर हात नेला तर बोटं पोचतच नव्हती, आणि उतारावर ब्रेकला खरा जोर तिथूनच मिळतो.

लिव्हरच्या आत एक छोटा स्क्रू असतो, अ‍ॅलन कीने फिरवला की लिव्हर बोटांच्या जवळ येते. दोन मिनिटांचं काम. विकणाऱ्याने कार्बन, वजन, गिअर सगळं घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं असणार, हा स्क्रू मात्र फिरवला नाही, आणि मी पण दोनदा पॅड बदलून दिले होते की, तेव्हा पुढचे बघितले नाहीत. घाईत होतो. ते मला अजून टोचतं.

नवे पॅड टाकले, सपाट रस्त्यावर पंचवीसएक वेळा वेग घेऊन चाक न अडकवता हळू करायला लावलं, पॅड रोटरवर बसले. मग छोट्या उतारावर शिकवलं: खालच्या वाकाला धरायचं, ढुंगण मागे, दोन्ही ब्रेक वळणाच्या आधी, वळणात सोडलेले, बाहेरचं पॅडल खाली, आणि नजर खड्ड्यावर नाही, जिथून बाहेर पडायचं तिकडे. चौथ्या फेरीला त्या ओरडल्या. भीतीने नाही.

दीडएक महिन्याने परत आल्या. पटकन सर्व्हिस, म्हणाल्या. मी सहज विचारलं, मग आता काय, चढ की उतार? तर म्हणाल्या, "पूर्वी वर पोचले की अर्धा तास बसायचे मी. सगळ्यांना वाटायचं हिला काय वरची हवा आवडते. मी उतरायला घाबरायचे हो. पण त्या अर्ध्या तासात पक्षी-बिक्षी बघायचे, ढग बघायचे. आता पोचल्या पोचल्या खाली येते." थोडं थांबून, "चढताना पण आता लक्ष खालीच असतं. कधी एकदा संपतोय असं होतं."

तक्रार होती का गंमत, मला नाही कळलं. मी काय बोलणार, स्क्रू परत उलटा फिरवून देऊ का विचारणार? "तरी बसत जा वर" असलं काहीतरी पुटपुटलो. छोट्या चकत्यांवर आता चेनच्या खुणा दिसायला लागल्यात. मागचे पॅड अर्ध्यावर. या वेळी पुढचे बदलले.