बादलीतला ४२वा मासा

डिसेंबरमधला दिवस, व्हर्जिनियात रॅपहॅनॉक नदीवर आमचा ट्रॉल सर्व्हे चालू होता. जाळं पाच मिनिटं तळावरून ओढायचं, वर घ्यायचं, मासे जातीनुसार वेगळे करून मोजायचे आणि परत पाण्यात सोडायचे. समुद्रापासून बरंच वर आलो होतो, पाणी जवळपास गोडं, हात थंडीने बधिर, आणि जाळं उघडलं तर बहुतेक सगळे हॉगचोकर.

तळहाताहून लहान, गोलसर चपटा मासा, दोन्ही डोळे उजव्या बाजूला. मी रत्नागिरीची, आपला लेप, असाच चपटा मासा, लहानपणापासून बघितलाय, पण त्याचे डोळे डावीकडे असतात आणि आई त्याची कातडी एका हिसक्यात ओढून काढायची. ह्याला हात लावला की पॉलिश पेपरवर बोट घासल्यासारखं वाटतं, इतके खवले खरखरीत. पूर्वी इथे नको असलेले मासे डुकरांना घालायचे आणि हा त्यांच्या घशात अडकायचा, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. आजही खायला कोणी नेत नाही, त्यामुळे याच्याकडे बघतंय कोण.

तर बादलीत टाकताना मी ४२ मोजले होते आणि लांबी घेऊन झाली तेव्हा भरले ४१. कॅप्टन म्हणाला एखादा इकडेतिकडे होतोच, चल, पुढच्या स्टेशनला, म्हणजे जाळं टाकायच्या पुढच्या जागी, उशीर होतोय. मला काही पटेना. उन्हाळ्यात हे खाली खाऱ्या पाण्यात अंडी घालतात आणि बारकी पिल्लं हिवाळा काढायला नदीत वर येतात, म्हणजे वीण कशी झाली ते इथल्या छोट्यांवरूनच कळणार ना, मग एखादा छोटा मोजणीतून कसा सोडायचा? बादली उलटी केली, डेक बघितलं, बुटांखाली बघितलं, कुठेच नाही. शेवटी बादली विसळायला आत हात घातला आणि बोटांना तेच खरखरीत लागलं.

आतल्या बाजूला पोस्टाच्या तिकिटासारखा सपाट चिकटलेला. बादली काळी, मासा काळपट, दिसणार कसा! खालची बाजू घट्ट दाबून हे काचेलासुद्धा चिकटतात हे वाचलेलं, पण उलट्या बादलीत टिकेल असं वाटलं नव्हतं. नखाने कड हळूच उचलली तेव्हा सुटला. ५८ मिलिमीटर.

सोडायला हात पाण्यात धरला तरी क्षणभर तळव्याला तसाच चिकटून होता, मग कडेचे पर लाटेसारखे हलले आणि गढूळ पाण्यात गेला खाली. शीटवर ४१ खोडून ४२ लिहिलं.