तीन आठवडे सगळं ठीक दिसत होतं

एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी माझ्या वाट्याला बेंटोनाइट आलं, म्हणजे पाण्यात फुगणारी चिकणमाती. कचरा डेपोखालचं दूषित भूजल पुढे पसरू नये म्हणून जमिनीत खोल चर खणून माती-बेंटोनाइटची भिंत भरतात. पाणी तिच्यातून सेकंदाला 1 सेंटिमीटरच्या कोटीव्या भागाहून जास्त झिरपू नये, अशी अपेक्षा. पण तेच दूषित पाणी वर्षानुवर्षं भिंतीला लागून राहिलं तर? तेवढंच मला तपासायचं होतं.

आधी फुगण्याची चाचणी. 2 ग्रॅम पूड 100 मिलिलिटरच्या मोजपात्रात चिमूटचिमूट टाकायची. एका वेळी 0.1 ग्रॅम, मग 10 मिनिटं थांबायचं. तीन तास उलटले तरी जागचं हलता येत नाही. दुसऱ्या दिवशी डिस्टिल्ड पाण्यातली माती 27 मिलिलिटरपर्यंत फुगली होती. कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यातली जेमतेम 9 वर, दाणेदार होऊन तळाशी बसलेली.

रात्री बाबांना फोनवर सांगितलं. ते लगेच म्हणाले, "अगं, चोपण रानात आपण जिप्सम टाकतो, त्यातलाच प्रकार की हा!" अगदी तोच. जिप्सममधलं कॅल्शियम मातीतल्या सोडियमला हुसकावून लावतं, सुटे चिकट कण एकमेकांना धरतात आणि वाफ्यात साचलेलं पाणी खाली उतरू लागतं. रानाला जे औषध, ते या भिंतीला विष. पुस्तकातली आकृती मला त्या फोननंतर खरी कळली.

मग झिरपण्याची चाचणी, मुद्दाम सौम्य कॅल्शियमच्या पाण्यावर. एका सेलचं, म्हणजे नमुना ठेवायच्या भांड्यातलं, रबरी आवरण फाटलं, नमुना पुन्हा बनवावा लागला. दुसऱ्या सेलमध्ये तीन आठवडे आकडा हलला नाही. मी वहीत 'परिणाम नाही' लिहून मॅडमकडे गेले. त्यांनी एवढंच विचारलं, "बाहेर पडणाऱ्या पाण्यात सोडियम किती येतंय?"

सोडियम मोजणाऱ्या फ्लेम फोटोमीटरवर पाहिलं. सोडियम अजून येतच होतं, म्हणजे मातीतली अदलाबदल संपलीच नव्हती. चाचणी तशीच चालू ठेवली. चौथ्या महिन्यात ब्युरेटमधली, म्हणजे पाणी पुरवणाऱ्या मोजनळीतली, पातळी भराभर उतरायला लागली. पाचव्याच्या शेवटी पाणी सुरुवातीच्या आठपट वेगाने झिरपत होतं. आधी साधं पाणी पाजून फुगवलेला नमुना मात्र बराच काळ तग धरून राहिला.

आता अशा भिंतीचा रिपोर्ट हातात आला की मी आधी दोनच गोष्टी शोधते: चाचणी कोणत्या पाण्यावर केली, आणि कधी थांबवली.