लाइट आली, डबडं उठेना

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, मी मेंटेनन्स बघतो. साच्यांची वाळू तयार करणाऱ्या सँड प्लांटच्या पॅनेलमध्ये एक बिनपंख्याचा लिनक्स कॉम्प्युटर आहे. वाळूचं वजन आणि ओलावा वाचायचा, मिक्सरमध्ये पाणी किती सोडायचं ते ठरवायचं, एवढंच त्याचं काम. पण पाणी जास्त झालं की कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे वाफेची पोकळ भोकं, आलीच.

पावसाळ्यात लाइट जाऊन आली की हा गडी बसायचा. ऑपरेटर मामा खानापूरचे. सेकंड शिफ्टला त्यांचा फोन ठरलेला, "साहेब, सगळं आलंय, तुमचं डबडं तेवढं गप बसलंय बघा." मग मी गाडी काढायची, कधी बटण दाबायचं, कधी नुसता प्रोग्रॅम हातानं चालू करायचा आणि घरी यायचं. अख्खा जून असाच काढला, सांगायलाही लाज वाटते.

एका रविवारी प्लांट बंद असताना ठाण मांडून बसलो. दुखणी दोन निघाली, म्हणून तर इतके दिवस चकलो.

पहिलं बायोसमधलं, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमधलं. लाइट परत आल्यावर काय करायचं, तिथं 'लास्ट स्टेट' ठेवलेलं. यूपीएस उतरत आला की कॉम्प्युटर स्वतःच शहाण्यासारखा शटडाउन व्हायचा. म्हणजे शेवटची स्थिती बंद, मग बंदच राहायचा. 'पॉवर ऑन' केलं. यूपीएसमध्ये चार्ज शिल्लक असतानाच लाइट आली तर पॉवर गेल्याचं त्याला कळणारच नाही, म्हणून शटडाउननंतर यूपीएसचं आउटपुटही तुटेल असं सेटिंग केलं.

दुसरं दुखणं स्टेटसमध्ये लिहिलेलंच होतं. प्रोग्रॅम चालू आहे का बघायला 'सिस्टिमसीटीएल स्टेटस' ही कमांड मारायची, लाल 'फेल्ड' दिसलं की 'स्टार्ट' मारायचं, ही माझी सवय. त्याखालच्या ओळी कधी वाचल्याच नव्हत्या. 'स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली', म्हणजे फार भराभर पुन्हापुन्हा चालू करून झालं. बूट होताना, सेन्सरची तार कॉम्प्युटरला जोडणारा आरएस-485 चा यूएसबी कन्व्हर्टर जागा व्हायच्या आधीच प्रोग्रॅम सुरू व्हायचा आणि पडायचा. लिनक्समधले प्रोग्रॅम सांभाळणारा सिस्टिमडी त्याला 100 मिलिसेकंदांनी पुन्हा उठवायचा. 10 सेकंदांत 5 वेळा झालं की तो नाद सोडतो. 'रीस्टार्टसेक', म्हणजे पुन्हा उठवण्याआधी थांबायचे सेकंद, 5 केलं, ते लागू व्हायला 'डेमन-रीलोड' दिलं. आता त्या 10 सेकंदांत पाचाचा आकडाच भरत नाही.

स्टेटस हिरवं झालं, 'अॅक्टिव्ह (रनिंग)'. मी खूश. पण ओलाव्याचा आकडा हलेना! कन्व्हर्टर दोन, आणि बूटनंतर त्यांच्या पोर्टची अदलाबदल झालेली. प्रोग्रॅम भलत्याच तारेवर विचारत बसलेला. पोर्टचा नंबर काढून टाकला आणि 'बाय-आयडी' फोल्डरमधलं त्या कन्व्हर्टरचं कायमचं नाव दिलं. त्या दिवसापासून स्टेटस बघितलं तरी आकडा हलताना बघितल्याशिवाय पॅनेलचं दार लावत नाही.

मग चाचणी. आमच्या कन्नड इलेक्ट्रिशियननं एमसीबीचा स्विच पाडून लाइट तोडली, "करंट होत्री!" म्हणजे करंट गेला म्हणून ओरडला, आणि हसला. पाच वेळा पाडला, एकदा यूपीएस पूर्ण उतरू दिला. सगळ्या वेळी आकडे आपोआप आले.

मालक म्हणाले, "मिक्सर पण तसाच आपोआप चालू करून सोड की." नाही म्हणालो. लाइट गेली की मामा खोरं घेऊन मिक्सरमध्ये उतरतात, चिकटलेली वाळू काढायला. मिक्सरची मोटर चालू करणारा कॉन्टॅक्टर पुशबटणावरच राहिला.