तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या काउंटरवरचा ठोकळ्यांचा गेम

नागपूरच्या बर्डीतल्या माझ्या दुकानात फोन दुरुस्तीला देऊन थांबलेले लोक काउंटरवर वाकून पाहतात. मग प्रश्न येतो, "काय खेळून राहिले जी?" अन् त्यामागून दुसरा, "एवढा भारी फोन, त्यावर हा ठोकळ्यांचा गेम काहून?" हातात पेचकस असताना उत्तर अर्धंच राहतं. आज पूर्ण देतो.

आधी कामाचं. डिस्प्ले बदलला की टच तपासावा लागतो. बऱ्याच फोनमध्ये त्यासाठी एक मोड असतो. चौकोनांवरून बोट फिरवायचं, सगळे रंगले की झालं. पण त्यातून टच कुठे लागतो एवढंच कळतं, किती उशिरा लागतो ते कळत नाही. हलका फोल्डर, म्हणजे काच अन् डिस्प्लेचा स्वस्त जोड, या परीक्षेत आरामात पास होतो. गेममध्ये वरून गोळी येत असते, मी बोट डावीकडे ओढतो, मी चालवतो ती संत्र्याची फोड किंचित मागे राहते अन् मी मरतो. तो उशीर एका डावात हाताला जाणवतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की बोटाचा घामसुद्धा काचेला स्पर्शासारखाच वाटतो, कारण हा टच बोटाच्या विजेच्या परिणामावर चालतो अन् खारट पाणीही तोच परिणाम करतं. स्वस्त चार्जर लावून खेळलं की ऑटो टच, म्हणजे बोट न लावता आपोआप लागणारा टच, लगेच उघडा पडतो.

गेम माझ्या पुतण्याने बनवला आहे. खाली संत्र्याची एक फोड, ती बिया मारते. वरून रांगेने उतरतात ते बडगे. आम्ही नागपूरच्या महाल भागातले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या अन् पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, सोबत त्या वर्षीच्या पीडांचे पुतळे, म्हणजे बडगे, ते लहानपणापासून पाहत आलो. काळ्या मारबतीची प्रथा १८८१ पासूनची. म्हणून पोराच्या गेममध्ये कुणी परग्रहावरचे नाहीत. एका बडग्याच्या छातीवर महागाई, एकावर डेंग्यू. रांग संपली की आवाज येतो, "घेऊन जा गे मारबत!"

पहिल्यांदा त्याने दाखवला तेव्हा गेम चालत होता, पण जीव नव्हता. पंचावन्न बडगे असोत की एक, चाल तीच. मी त्याला १९७८ सालच्या स्पेस इन्व्हेडर्स या गेमची गोष्ट सांगितली. जपानच्या ताइतो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी तो बनवला. पाच रांगांत अकरा-अकरा, एकूण ५५ शत्रू. त्या काळच्या चिपला एवढे शत्रू भराभर हलवणं जमत नव्हतं. जसजसे ते मरत, तसतसा चिपवरचा भार हलका होई अन् उरलेले वेगाने पळत. निशिकादो यांनी ते तसंच ठेवलं. शेवटच्या शत्रूच्या वेळी छातीत जी धडधड होते, ती त्या यंत्राच्या दुबळेपणातून आली आहे. आजचा फोन दमत नाही, म्हणून पुतण्याला तो वेग मुद्दाम लिहावा लागला. एका संध्याकाळचं काम होतं. त्यानंतर तो गेम माझ्या हातातून सुटला नाही.

चित्रं अशी ठोकळ्या-ठोकळ्यांची का म्हणाल तर मी काम शिकलो ते नोकिया ३३१० वर. पडदा ८४ बाय ४८ ठिपक्यांचा, म्हणजे सगळे मिळून ४,०३२. त्यात स्पेस इम्पॅक्ट नावाचा गोळीबाराचा गेम होता. एवढ्या ठिपक्यांत जहाज, शत्रू अन् गोळी बसवायची तर एकही ठिपका शोभेपुरता ठेवता येत नाही. जे दिसतं, ते एक तर तुम्हाला मारतं नाही तर वाचवतं. मला ही स्वच्छता अजूनही फार सुंदर वाटते. भर उन्हात दुकानाच्या दारात उभं राहूनसुद्धा बडगा कुठे अन् बी कुठे ते कळतं.

पण काचेवर एक अडचण आहे, जी त्या फोनवर नव्हती. तिथे अंगठ्याला बटणाची कड लागायची. पोराने आधी फोड हलवायला काचेवर गोल दांडीचं चित्र काढलं होतं. दोन मिनिटांत अंगठा त्या दांडीवरून घसरायचा, कारण खाली हाताला लागेल असं काहीच नव्हतं. मग बोट ठेवाल तिथे फोड, असं करून पाहिलं, तर बोटाखाली फोडच झाकली गेली. शेवटी बोट पडद्यावर कुठेही ठेवा, ते जितकं सरकेल तितकीच फोड सरकेल, असं ठरलं. गोळीबाराचं बटणही काढून टाकलं. बिया आपोआप सुटतात, तुम्ही फक्त जीव वाचवायचा. हे जमायला त्याला महिना लागला. लोक रंग अन् चित्रं पाहतात, मला त्या महिन्याचा अभिमान आहे.

गेल्या आठवड्यात एक काकू फोन न्यायला आल्या. मी स्वतः दोन डाव खेळून सगळं ठीक म्हटलं होतं. तरी त्यांच्या हातात दिला, म्हटलं एकदा खेळून पाहा. त्यांनी आयुष्यात कधी गेम खेळला नव्हता. पहिल्या डावात लगेच मेल्या, दुसऱ्यात दोन रांगा साफ केल्या. तिसऱ्यात थांबून म्हणाल्या, "उजव्या कोपऱ्यात अडकते जी ही." माझं बोट त्या कोपऱ्यात गेलंच नव्हतं, मी डाव्या बाजूने खेळतो. फोन परत खोलला. डिस्प्लेला जोडणारी फ्लेक्सची पट्टी एका टोकाला नीट बसली नव्हती.