पक्ष्यांसाठी बाग: फळझाडांनंतर आता अळ्यांची झाडं

तुती यंदा भरपूर लागली आहे. नुसती फांदी खोचली तरी जगते आणि लवकर फळते, म्हणून नव्या बागेत पहिलं झाड तुतीचंच लावावं असं माझं ठाम मत झालंय. बुलबुल आणि कोकिळा तर फळं पुरती काळी व्हायचीही वाट बघत नाहीत. पलीकडच्या सिंगापूर चेरीवर फुलटोच्याची ये-जा चालू आहे. बांडगुळाच्या बिया तोच फांद्यांवर चिकटवत फिरतो, त्यामुळे फांद्या अधूनमधून तपासतो.

जास्वंदी एकेरी पाकळ्यांच्याच ठेवल्या आहेत. शिंजीर त्यांच्यावर येतो, भरगच्च पाकळ्यांच्या जातींकडे फारसा वळत नाही.

पण या हंगामात खरा आनंद दिला तो लिंबू आणि कढीपत्त्याने. दोन्हींवर फुलपाखरं अंडी घालतात. अळ्या लहान असताना हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्या होतात. पानं कुरतडलेली दिसली तरी मी फवारणी करत नाही. शिंपी आणि राखी वटवट्या सकाळभर त्याच फांद्या धुंडाळत असतात. फुलं-फळं मोठ्या पक्ष्यांना बोलावतात खरी, पण पिल्लांना वाढायला किडेच लागतात. मध पिणारा शिंजीरसुद्धा पिल्लांना किडे आणि कोळी भरवतो. उत्तर अमेरिकेतल्या चिकडी या चिमुकल्या पक्ष्याची एका विणीतली पिल्लं घरट्यातून उडेपर्यंत ६,००० ते ९,००० अळ्या फस्त करतात! हा आकडा वाचल्यापासून झाड निवडताना मी आधी विचारतो, याची पानं कोण खातं?

मोठी जागा असेल त्यांनी उंबर लावावा, भिंतीपासून बराच लांब. त्याला वर्षातून अनेकदा फळं येतात आणि तांबट, हरियल, मैना सगळेच जमतात. माझ्याकडे तेवढी जागा नाही.

पावसाळ्यात कुंपणाचं काम काढतोय. घाणेरी लावणार नाही. बुलबुल तिची फळं आवडीने खातात, पण त्यांच्याबरोबर बिया रानात पोचतात आणि तिथली मूळची झुडपं दबून जातात. त्याऐवजी करवंद: काटेरी, दाट, घरट्याला सुरक्षित, शिवाय फळंही. कुंपणाला करवंद कुणी लावलं असेल, तर दोन रोपांत अंतर किती ठेवलंत ते नक्की कळवा.