आत गेलो, पण पोटगी थांबली नाही

शिक्षा लागली त्या दिवशी मी मनाशी धरून चाललो की कमाई बंद झाली, म्हणजे मुलीची पोटगीही आपोआप बंद. बराकीतही सगळे तेच सांगत होते. सात महिने तसेच गेले. आठव्या महिन्यात कोर्टाची नोटीस हातात पडली. महिना ६,००० प्रमाणे ४२,००० थकबाकी. मुलीच्या आईने वसुलीचा अर्ज केला होता. त्यात मुलीचं नाव आणि पुढे ‘वय ८’. मी आत गेलो तेव्हा ती सातची होती.

विधी सेवा प्राधिकरणाचे वकील तुरुंगात यायचे. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७च्या कायद्यातच आहे. त्यांनी समजावलं, की कोर्ट स्वतः आदेश बदलत नाही तोवर रक्कम चढतच राहते. थकबाकीसाठी वेगळी कैद भोगली तरी पैसे फिटत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच स्पष्ट केलंय. मात्र परिस्थिती बदलली तर रक्कम कमी करून मागता येते. आधी त्यासाठी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२७ होतं, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४६ आहे. हे मला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगायला हवं होतं. त्या सात महिन्यांचा भार माझ्या लेकीवर पडला.

रक्कम कमी करण्याच्या अर्जासाठी वकीलपत्रावर सही झाली, निकालाची प्रत आणि कारागृहाचा दाखला जोडला. सगळ्यात जड गेलं ते मालमत्ता-दायित्वाचं शपथपत्र. उत्पन्नाच्या रकान्यात तुरुंगातल्या कारखान्याची मजुरी लिहिताना पेन अडखळलं. तरी एक पैसा लपवला नाही.

तारखा व्हिडिओवर झाल्या. माझ्या अर्जाच्या तारखेपासून पोटगी २,००० झाली, मागचे ४२,००० तसेच राहिले. मजुरीतून जमेल तेवढं मी घरी पाठवत गेलो. वकिलांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी मुलाखतीला आलेल्या भावाकरवी तिच्या आईपर्यंत पोचवली: पालक तुरुंगात असलेल्या मुलांना राज्याच्या बालसंगोपन योजनेतून महिना २,२५० रुपये मिळू शकतात. अर्ज महिला व बालविकास कार्यालयात द्यायचा.

सुटून आलो, कामाला लागलो. थकबाकी हप्त्याने फेडतोय. मागच्या महिन्यात पोटगी पुन्हा ६,००० करावी म्हणून तिच्या आईने अर्ज केला. मी हरकत घेतली नाही.