जोडीतला दुसरा दिवा

पॅरिसमधील ज्या कार्यशाळेत मी जुन्या धातुवस्तूंच्या जतनाचे काम करते, तेथे पंधराव्या लुईच्या काळातील म्हणून भिंतीवरच्या दिव्यांची एक जोडी स्वच्छतेसाठी आली. सोन्याचा मुलामा दिलेल्या ब्राँझच्या पानाफांद्या आणि त्यांच्या टोकांशी मेणबत्तीच्या वाट्या, असे त्यांचे देखणे रूप होते.

दोन्ही दिव्यांच्या फांद्या एकाच बाजूला झुकल्या होत्या, हे मला खटकले. त्या काळच्या वळणदार सजावटीच्या रोकोको शैलीने समरूपता हेतुपुरस्सर मोडली, आणि मेसोनिये यांच्यासारख्या सजावटकारांच्या आराखड्यांच्या छापचित्रांतून ती वळणे सर्वत्र पसरली. तरीही आरशाच्या दोन बाजूंना लावायच्या जोडीत एक दिवा सहसा दुसऱ्याच्या उलट वळणाचा घडवीत. अर्थात, चारांचा संच वाटणीत फुटला तर एकाच वळणाचे दोन दिवे एकत्र येऊ शकतात.

दोघांच्याही अंगावर मुकुटधारी 'सी' अक्षराची बारीक खूण होती. तांबे असलेल्या मिश्रधातूंच्या वस्तूंवर 1745 ते 1749 या काळात कर भरल्याचा तो शिक्का होय. भिंगाखाली पाहता पहिल्या दिव्यावर ठोकलेल्या शिक्क्याच्या कडेने धातू किंचित उचललेला दिसला. दुसऱ्यावरची खूण मात्र बोथट होती, कारण ती ठोकलेली नव्हती, दिव्याबरोबरच साच्यातून उतरली होती. मग मापे घेतली. साच्यात ओतलेले ब्राँझ थंड होताना साधारण दीड ते दोन टक्के आकसते, त्यामुळे जुन्या दिव्यावरूनच साचा घेतला तर नवा दिवा लहान भरतो. सुमारे पन्नास सेंटिमीटर उंचीचा हा दुसरा दिवा आठ मिलिमीटरने कमी भरला.

क्ष-किरण तपासणीत पहिल्याच्या सोन्यात पारा आढळला, दुसऱ्याच्या सोन्यात नाही. अठराव्या शतकात सोने पाऱ्यात कालवून ब्राँझवर लावीत आणि तापवून पारा उडवीत. त्या विषारी वाफांनी किती मुलामागारांची शरीरे खंगली, हे त्या झळाळीकडे पाहताना विसरता कामा नये. विजेच्या साहाय्याने मुलामा चढवण्याची पद्धत 1840च्या दशकात व्यवसायात रुळली, म्हणजे दुसऱ्यावरचा मुलामा त्याआधीचा असणे संभवत नाही.

अहवालात मी दोन्ही दिव्यांचे काळ वेगवेगळे नोंदवले. मालकीणबाई प्रथम खिन्न झाल्या, पण जोडी मोडायची नाही, असे त्यांनी ठरवले. विजेने चढवलेला थर बहुधा पातळ असतो, म्हणून दुसऱ्या दिव्यासाठी मी अधिक सौम्य द्रावण निवडले.